मुक्या जिवांसाठी चित्र काढून खरंच काही होतं का? (येवल्याचा अनुभव, तुमचेही सांगा)

रेघोटी | २ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी येवल्यात एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. बारा वर्षं झाली. संक्रांत तोंडावर आली आहे. गेल्या दोन वर्षांत जे करून पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण पुढे काय करावं याबद्दल मला तुमचं ऐकायचं आहे.

येवला ज्यांना फक्त पैठणीमुळे माहीत आहे त्यांच्यासाठी सांगते, आमच्याकडे पतंगाचे सलग तीन दिवस असतात. भोगी, संक्रांत आणि कर. सगळं गाव गच्चीवर. हलकडी वाजत असते, घराघरांतून जपून ठेवलेल्या आसाऱ्या, म्हणजे मांजा गुंडाळायच्या चकऱ्या, बाहेर निघतात. लहानपणी वडिलांची आसारी धरून मीही दिवसदिवस उभी राहिले आहे. त्यामुळे पतंगच नको असं मी कधी म्हणणार नाही. ती आमची संक्रांत आहे.

दोन वर्षांपूर्वी कर उलटल्यावर शाळा भरली तेव्हा मैदानाकडेच्या पिंपळाला एक गव्हाणी घुबड लटकलेलं होतं. उजव्या पंखात नायलॉन मांजा रुतलेला. आमची शिडी पुरेना. उंच शिडी घेऊन माणसं येईपर्यंत अडीच तास गेले. मुलं खाली उभी होती आणि ते मान वळवून वळवून सगळ्यांकडे बघत होतं. खाली उतरवलं तेव्हा जिवंत होतं. संध्याकाळी गेलं.

त्याच आठवड्यात मी आठवीला विषय दिला, 'नायलॉन मांजा टाळा, पक्षी वाचवा'. चाळीस पोस्टरं आली. वर्गात जमिनीवर मांडली आणि माझ्या पोटात खड्डा पडला. चाळीसही सारखी. मध्यभागी कुठल्याच जातीचा नसलेला एक पक्षी, पंखावर लाल थेंब, वर फुली, खाली घोषवाक्य. चार दिवसांपूर्वी ज्यांनी ते घुबड डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांच्यापैकी एकाही मुलाने घुबड काढलं नव्हतं. पोस्टरं बाजारपेठेत लागली, कौतुक झालं, एकाला बक्षीस मिळालं. पुढच्या संक्रांतीला त्याच मुलाच्या गच्चीवर मी नायलॉन पाहिला. मला त्याचा राग आला नाही. त्याने पोस्टर माझ्यासाठी काढलं होतं. घुबडाचा त्यात काही संबंधच नव्हता, आणि ही चूक विषय देणाऱ्याची, म्हणजे माझी.

मग गेल्या जूनपासून वेगळं सुरू केलं. प्रत्येकाने आपल्या गल्लीतला एकच प्राणी किंवा पक्षी निवडायचा. आठवड्यातून एकदा अर्धा तास समोर बसून पेन्सिलीने काढायचा, दिवाळीपर्यंत तोच. मोबाइलवरच्या फोटोवरून नाही. दहा पावलं लांब बसायचं, हात लावायचा नाही, बांधायचं नाही, थांबावा म्हणून खायला टाकायचं नाही. पिल्लं असलेल्या कुत्रीकडे तर जायचंच नाही. चित्राखाली घोषवाक्य नको, फक्त तारीख, वेळ आणि जागा.

पहिले तीन आठवडे एकच तक्रार. "बाई, ते हलतंय."

मग हळूहळू वह्या बोलायला लागल्या. कुंभारवाड्यातल्या एका मुलीने घरचं गाढव घेतलं होतं. पाचव्या चित्रात तिच्या लक्षात आलं की पाठीवर, जिथे ओझं टेकतं तिथे, केस नसलेली जागा दर आठवड्याला मोठी काढावी लागते आहे. तोवर घरात सगळेच रोज ते गाढव बघत होते. तिने पाचही पानं आजोबांपुढे ठेवली. आजोबा काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून ओझ्याखाली गोणपाटाची जाड घडी आली. सातव्या-आठव्या चित्रात ती जागा वाढायची थांबली आहे. काशीची कावड रामेश्वराला नेताना नाथांनी तहानलेल्या गाढवाला गंगा पाजली, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत आले. त्या मुलीने ती न सांगता समजून घेतली.

दुसरा मुलगा विणकराच्या घरचा. पैठणीच्या पदरावरची मुनिया तो डोळे मिटून काढतो, हिरवं अंग, लाल चोच. त्याने शेजाऱ्यांचा पिंजऱ्यातला पोपट घेतला आणि तिसऱ्या आठवड्यात विचारलं, "बाई, पंख उघडलेला कसा काढू? हा कधी उघडतच नाही." आपल्याकडचे रानपोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे हे मी त्याला सांगितलं. शेजाऱ्यांशी अजून बोलणं झालेलं नाही. ते कसं करावं हेही मला सुचत नाहीये.

आणि एकाने घार घेतली आहे. त्याचे वडील संक्रांतीत पतंग-मांजाची गाडी लावतात. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर बसणारी घार तो दिवाळीनंतरही सोडायला तयार नाही. डिसेंबरच्या शेवटापासून त्याच्या चित्रांत घारीच्या पायात काटकी दिसते आहे. ती कशासाठी, जाणकारांनी सांगावं.

आता माझा प्रश्न. ही चित्रं वहीतच राहू द्यावीत, की संक्रांतीआधी गावात लावावीत? लावली तर पुन्हा तीच पोस्टरं होतील अशी भीती वाटते.

---

गोदाकाठ | २ जानेवारी, रात्री ११.१५

ताई, ती घार घरटं बांधते आहे. आपल्याकडच्या घारींचा विणीचा हंगाम साधारण जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो. म्हणजे नेमकी संक्रांत. टाकीच्या आसपास उंच झाड शोधा, कडुलिंब, निलगिरी, वड. तिथे असणार.

मी नाशिकला जखमी पक्ष्यांच्या कामात आहे, म्हणून थोडं जास्त लिहितो. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली. आपल्या राज्यातही बंदी आहे. तरी तो मिळतो, कारण स्वस्त आहे आणि तुटत नाही. न तुटणं हीच त्याची अडचण. सुती दोरा पावसापाण्यात कुजतो. हा झाडांवर महिनोन्‌महिने तसाच राहतो आणि मे महिन्यातही वटवाघळं, घुबडं, बगळे त्यात अडकतात. पण सुती म्हणजे निर्धोक असंही समजू नका. काचेची भुकटी लावलेला सुती दोराही तितकाच कापतो. मुलांना सांगायचं तर 'साधा दोरा, काच नको' असं पूर्ण सांगा.

दुसरं, वेळ. पहाटे पक्षी बाहेर पडतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास परततात. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उतरवले तरी खूप जीव वाचतात.

जखमी पक्षी मिळाला तर मांजा ओढू नका. दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा आणि रुतलेला तुकडा डॉक्टरांसाठी तसाच ठेवा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर लिहून घ्या.

चित्रं जरूर लावा. पण बाजारपेठेत नको, त्या झाडाखाली लावा.

---

ब्रह्मपुत्रेकाठी | ३ जानेवारी, सकाळी ७.२०

मूळची कोल्हापूरची, नवऱ्याच्या नोकरीमुळे सात वर्षं गुवाहाटीत. रेघोटीताईंच्या लेखात पैठणी आणि पक्षी एकत्र आले आणि राहवलं नाही.

इथे हरगिला नावाचा करकोचा आहे. नावाचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही, हाड गिळणारा. पुरुषभर उंच, टक्कल पडलेलं डोकं, गळ्याखाली लोंबती पिशवी. मेलेली जनावरं खातो, शहराच्या कचऱ्याच्या डोंगरावर डझनांनी उभा असतो. घरटं मात्र लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर. खाली कुजकं मांस आणि विष्ठा पडते, घाण वास येतो. त्यामुळे लोक त्याला अशुभ मानायचे आणि घरट्यासकट झाड तोडायचे.

पूर्णिमा देवी बर्मन या संशोधक बाईंनी कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पाचरिया या गावांमध्ये काम सुरू केलं. त्यांनी हाताशी धरलं ते गावातल्या बायकांना, आणि माध्यम घेतलं ते त्या बायकांच्या घरात आधीपासून असलेलं, हातमाग. गामोसा आणि मेखेला चादरीवर (हा इथल्या बायकांचा पारंपरिक पोशाख) हरगिला विणला जाऊ लागला. गामोसा म्हणजे इथे निव्वळ टॉवेल नव्हे. पाहुण्याच्या गळ्यात घालतात, देवाला वाहतात. ज्या पक्ष्याला अपशकुनी म्हणायचे तो त्या कापडावर आला. आपल्याकडे जसं डोहाळजेवण, तसं या बायका हरगिलाच्या विणीच्या हंगामात करतात, गाणी म्हणतात. 'हरगिला आर्मी' म्हणून आज हजारो बायका यात आहेत, आणि विणलेल्या कापडाचे पैसे त्यांच्या हातात येतात.

दादरा, पाचरिया आणि सिंगिमारी मिळून घरटी २८ होती, ती अडीचशेच्या वर गेली. बर्मन यांना २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा 'चॅम्पियन्स ऑफ द अर्थ' पुरस्कार मिळाला, आणि २०२३ मध्ये हरगिलाचं नाव जागतिक यादीत 'संकटग्रस्त' गटातून कमी धोक्याच्या गटात गेलं.

मी दादऱ्याला दोनदा गेले आहे. एका आजींच्या परसात चार घरटी होती. वास खरंच सहन होत नव्हता. आजी तिथेच बसून सूत भरत होत्या. ताई, तुमच्या गावात तर घरोघरी माग आहेत. मुनियेशेजारी एखादी घार बसवता आली तर पाहा.

---

मुक्काम पोस्ट | ३ जानेवारी, दुपारी १.०५

वाचून चांगलं वाटलं, पण मला जे वाटतं ते मोकळेपणी लिहितो, राग मानू नये.

आमच्या सोसायटीबाहेर भिंतीवर सुंदर कुत्री रंगवली आहेत. हसरी, जीभ बाहेर काढलेली. त्याच भिंतीखाली माझ्या सहा वर्षांच्या मुलीला कुत्रा चावला. पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याखाली तिचा पाय धरून मी बसलो होतो आणि ती ओरडत होती. त्याच दिवशी लस सुरू केली. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचतच नाही, हे मला तोवर नुसतं ऐकून माहीत होतं. आज ती शाळेच्या बसपर्यंत एकटी जात नाही. भिंत रंगवायला जे पैसे गेले त्यात किती कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण झालं असतं? चित्राने कुत्रा गोंडस होतो. प्रश्न तिथेच राहतो.

---

रेघोटी | ३ जानेवारी, रात्री १०.३०

मुक्काम पोस्ट, राग अजिबात नाही. तुमच्या मुलीला बरं वाटू दे, हे आधी.

हसऱ्या कुत्र्यांची भिंत मलाही पटत नाही. कुत्रा हसत नाही. उन्हात जीभ बाहेर काढून तो धापा टाकत असतो. लहान मूल त्या भिंतीवरून शिकतं की कुठल्याही कुत्र्याच्या गळ्यात पडावं, आणि हे धोक्याचं आहे. माझ्या वर्गात सतरा मुलांनी कुत्री काढली. त्यांना आता शेपूट पायात गेली म्हणजे काय, कान मागे चिकटले म्हणजे काय, ओठ कधी उचलला जातो, जेवणाऱ्या कुत्र्याजवळून का जाऊ नये हे कळतं. दहा पावलांचा नियम मी चित्रासाठी नव्हे, याचसाठी घातला होता.

एका मुलाने विचारलं की माझ्या कुत्र्याच्या कानाला खाच का आहे, कुणी चावलंय का. त्यावरून आख्ख्या वर्गाला कळलं की नसबंदी आणि लस झालेल्या कुत्र्याची ती खूण असते. मग मुलांनी आपापल्या वहीत तपासलं. सतरापैकी चौघांनाच खाच होती. उरलेल्या तेरांची यादी, चित्र आणि जागेसकट, आम्ही मुख्याध्यापकांच्या सहीने नगरपालिकेला दिली आहे. उत्तर आलेलं नाही. मी पुन्हा जाणार आहे.

तुम्ही म्हणता ते अर्धं मला पूर्ण मान्य आहे. शस्त्रक्रिया आणि लस याला पर्याय नाही. पण कुठल्या कुत्र्याची झाली आणि कुठल्याची नाही, हे बघणारं कुणीतरी लागतं ना?

---

मुक्काम पोस्ट | ३ जानेवारी, रात्री ११.५०

यादीचं ऐकून बरं वाटलं. भिंतीबद्दल माझं मत तेच आहे. मुलीला वही देऊन बघतो, खिडकीतून काढायला.

---

पिंपळखुटा | ४ जानेवारी, सकाळी ९.१०

अमरावतीकडचा आहे. कलेतून मुक्या जनावरांसाठी काम म्हटलं की आमच्याकडे एकच नाव आधी येतं, गाडगेबाबा. त्यांच्या दशसूत्रीतली ओळ आमच्या शाळेच्या भिंतीवर होती, 'पशू-पक्षी, मुक्या प्राण्यांना अभय'. भुकेलेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी यांच्या रांगेत ती बसवलेली आहे, वेगळी काढलेली नाही.

आज आपण त्यांना खराटा आणि स्वच्छतेपुरतं ठेवलं आहे. पण जत्रेत देवापुढे बकरं-कोंबडं कापण्याविरुद्ध हा माणूस गावोगाव कीर्तनातून बोलला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला रिवाजाचं मटण आणि दारू नाकारून गोडाचं जेवण घातलं, जातभाईंचा रोष घेतला. आणि कीर्तन कसं, तर उपदेश नाहीच. समोरच्या माणसाला वऱ्हाडीत प्रश्न विचारायचा, त्याच्याकडून उत्तर काढायचं, त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. शेवटी जे खरं आहे ते लोकच आपल्या तोंडाने बोलत. मग 'गोपाला गोपाला देवकीनंदन गोपाला'चा गजर.

माझ्या आजोबांनी ते कीर्तन लहानपणी ऐकलं होतं. आमच्या घरचा नवसाचा बोकड त्या वर्षीपासून बंद झाला. ते सांगायचे की बाबांनी कुणाला पापी म्हटलं नाही, नुसतं विचारत राहिले, आणि घरी येईपर्यंत पणजोबा गप्प होते.

रेघोटीताई, तुमच्या चित्रांखाली घोषवाक्य नाही हे म्हणून फार आवडलं. एक प्रश्न लिहिला तर?

---

नूपुर | ४ जानेवारी, दुपारी ४.४५

पुण्यात भरतनाट्यम शिकवते. आमच्या क्षेत्रातली एक आठवण सांगावीशी वाटते, ती नृत्याच्या वर्गांतसुद्धा क्वचित सांगितली जाते.

१९३६ मध्ये 'कलाक्षेत्र' ही नृत्यसंस्था उभी करणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल १९५२ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्या आणि तिथे त्यांनी प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक मांडलं. त्यातूनच पुढे सरकारने १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा त्याच. त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला ५० रुपयांपर्यंत दंड ठरला होता आणि इतक्या वर्षांनी तो आजही तेवढाच आहे, याचं मला फार वाईट वाटतं.

आम्ही हरिणाची मुद्रा शिकवतो, मोराची शिकवतो. रेघोटीताईंचा पैठणीचा मुलगा वाचल्यावर मी आज वर्गात विचारलं, मोर जमिनीवर चालताना मान कशी हलवतो, कुणी पाहिलंय? बावीस जणींपैकी दोघींनी हात वर केला. पुढच्या रविवारी पहाटे आम्ही पाहायला जाणार आहोत.

---

काळी माती | ४ जानेवारी, रात्री ९.००

आम्ही शेतकरी लोक. घरी एक बैलजोडी आहे अजून.

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी असते. जिथे जू बसतं तो खांदा गरम पाण्याने शेकायचा, हळद-तूप चोळायचं. मग कानात सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दुसऱ्या दिवशी झूल, गोंडे, घुंगरमाळा, शिंगांना बेगड, अंगावर गेरूचे ठसे. कुणी याला कला म्हणत नाही, पण माझ्या मते आपल्याकडची जनावरासाठीची सगळ्यात मोठी कला हीच. खांदा चोळताना हाताला कळतं की गाठ आली आहे का, कातडं सोललं आहे का.

आता काय होतंय, तर खांदेमळणी पाच मिनिटांत उरकतात आणि शिंगांना दुकानातला ऑइलपेंट मारतात. तो डोळ्यात ओघळतो. अंगावर चमकीचा स्प्रे मारतात, बैल जीभ लावून चाटतो. रंगपंचमीला कुत्र्यांचंही तेच. मुलांना एवढं नक्की शिकवा, की जनावराचं चित्र कागदावर काढायचं, जनावरावर काढायचं नाही. गेरू आणि हळद पुरे.

---

वाघोबाची वाट | ५ जानेवारी, सकाळी ८.३०

जव्हारचा आहे, वारली. थोडं वेगळं मत.

आमच्याकडे वाघोबा देव आहे. दगडावर किंवा लाकडाच्या फळीवर वाघ, वर चंद्र-सूर्य, शेंदूर. वाघबारशीला पूजा होते. मुंबईत आरेच्या पाड्यांवरही त्याची ठाणी आहेत आणि त्याच जंगलात रात्री बिबट्या फिरतो. शहरातले लोक येऊन म्हणतात, किती प्रेम तुमचं प्राण्यांवर. प्रेम म्हणू नका. माझ्या आजीला वाघाची भीती होती. ती त्याला सांगायची, तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या. शेंदूर लावला म्हणून तिने रात्री शेळ्या बाहेर ठेवल्या नाहीत. गोठा पक्का बांधला, अंधारात पोरांना एकटं सोडलं नाही.

आता वारली चित्रात वाघ बाजारासाठी काढतात तेव्हा तो मांजरासारखा काढतात. मुक्काम पोस्ट यांचा हसरा कुत्रा तोच. मुलांना भीतीही काढू द्या.

---

डोंबिवलीकर आई | ५ जानेवारी, दुपारी ३.१५

रेघोटीताई, आमच्या सोसायटीत वीसेक मुलं आहेत. सुट्टीत असं काही करायचं तर सुरुवात कशी करू? मला स्वतःला चित्र येत नाही.

---

रेघोटी | ६ जानेवारी, रात्री ९.५५

आई, चित्र येत नाही हे फार चांगलं आहे, तुम्ही मुलांची चित्रं सुधारायला जाणार नाही. माझी तीच खोड मोडायला वर्ष गेलं.

साध्या कागदाची वही आणि एक पेन्सिल. रंग दोन महिने देऊ नका. रंग दिले की मूल प्राण्याकडे बघायचं सोडून रंगाच्या डबीकडे बघतं. खोडरबरही नको. पहिली निवड हलणाऱ्या प्राण्याची नको, झोपलेलं मांजर किंवा खिडकीच्या छज्जावर बसणारं कबूतर घ्या. अर्धा तास लहानांना जमत नाही, दहा मिनिटं पुरेत, पण दर आठवड्याला तोच प्राणी हवा. बक्षीस ठेवू नका. स्पर्धा लावली की आमची चाळीस पोस्टरं परत येतात. आणि मोठं माणूस सोबत हवंच, प्राण्यापासून लांब.

बाकी सगळ्यांना: घारीचं मी त्या मुलाला सांगितलं. तो दोन दिवस शाळा सुटल्यावर मागच्या गल्लीत मान वर करून उभा होता. काल कडुलिंबावर घरटं सापडलं.

चित्रं बाजारात लावायची नाहीत असं ठरलं. ज्याचं चित्र, त्याच्या जागी लावायचं. गाढवाचं कुंभारवाड्यात, कुत्र्यांची त्या त्या ओट्यावर. गाडगेबाबांच्या वाटेने एकेक प्रश्न खाली. घारीच्या चित्राखाली मुलाने स्वतः लिहिलंय, 'ही आमच्या गल्लीत घर बांधते आहे. तुमचा दोरा कुठून जातो?' तो कागद कडुलिंबाला नाही, वडिलांच्या गाडीला लावायचा असा त्याचा हट्ट आहे. वडिलांना अजून विचारलेलं नाही.

वाघोबाची वाट, तुमचं लिहिणं मी वर्गात वाचून दाखवलं. एका मुलीने आज पहिल्यांदा कुत्र्याचं चित्र खरं काढलं. दात दिसत आहेत आणि ती स्वतः कोपऱ्यात अगदी छोटी आहे.

---

रेघोटी | १६ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

कर काल झाली. जे झालं ते सांगते.

वडिलांनी कागद लावू दिला. गाडीवर नायलॉन दिसला नाही, पण गावात तो होताच, तीनही दिवस. मागच्या गल्लीतल्या नऊ गच्च्यांपैकी सहांनी पाच वाजता पतंग उतरवले, तिघांनी नाही. पोरं स्वतः दारोदार सांगत फिरली. पलीकडच्या भागात एक बगळा आणि दोन पारवे सापडले. बगळा वाचला नाही. पारवे खोक्यात ठेवून, मांजा न ओढता, मुलांनीच डॉक्टरांकडे नेले. गोदाकाठ, तुमचा शब्दन्‌शब्द पाळला.

आज सुट्टीनंतर पोरं झाडांवरचा, तारांवर नव्हे, हाताला येणारा मांजा गोळा करत होती. तेवढ्यात घारवाल्याने वही आणून दाखवली. आजची तारीख, दुपारी ४.१०, कडुलिंब. घरटं नीट आहे, घार बसलेली आहे. पण घरट्याच्या काटक्यांमध्ये त्याने एक लांब रेघ काढली आहे, खाली लोंबणारी. मी विचारलं ही चुकून आली का. म्हणाला, "नाही बाई, मांजा आहे. तिनेच आणून विणलाय."

मी स्वतः जाऊन पाहिलं. खरं आहे. उन्हात चमकतो. आता काय करायचं? तो झाडावर चढायला तयार आहे.

---

गोदाकाठ | १६ जानेवारी, संध्याकाळी ७.५०

चढू देऊ नका. घारी चिंध्या, प्लास्टिक, दोरे घरट्यात आणतात, हे नेहमीचं आहे. आता अंडी असू शकतात. माणूस जवळ गेला तर ती घरटं सोडेल, शिवाय पोराच्या डोक्यावर झेप घेईल. धोका पिल्लं हालायला लागल्यावर, पायात गुंता होतो. उद्या सकाळी १९२६ वर नोंद करा, जागा आणि झाड सांगून. मी रविवारी दुर्बीण घेऊन येवल्याला येतो.

तोवर त्याला सांगा, रोज त्याच वेळी काढत राहा. लोंबती रेघ वाढते की कमी होते, आणि घार उठताना तिचा पाय मोकळा आहे का, एवढं मला त्या वहीतून कळलं पाहिजे.